बाहुली थांबली की गणित

तुमच्या मुलाच्या वर्गात असं एखादं मूल असेलच. घंटा वाजली की कानांवर हात ठेवणारं. सगळे ओळीत उभे असताना भिंतीला टेकून बोटं हलवत राहणारं. नाव घेऊन हाक मारली तरी वर न बघणारं, पण तीन बाकं पलीकडे पडलेली पेन्सिल सगळ्यांत आधी दिसणारं. स्नेहसंमेलनात ते रडायला लागलं असेल आणि मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं असेल, "लाडावून ठेवलंय आईबापांनी."

त्या मुलाची आई म्हणून आज तुमच्याशी बोलतेय. तुम्ही पालक असा, आजीआजोबा असा किंवा शाळेत जाणारी ताई-दादा असा, हे तुमच्यासाठीही आहे. पण तुम्ही शिक्षक असाल तर जरा जास्त तुमच्यासाठी आहे. कारण माझ्या मुलाचा दिवस कसा जाणार, हे रोज सकाळी साडेनऊला वर्गात उभी असलेली व्यक्ती ठरवते.

विट्याहून तंजावरला

आम्ही मूळचे सांगली जिल्ह्यातल्या विट्याकडचे. आमच्या भागातली घरंच्या घरं गलाईच्या धंद्यानिमित्त देशभर पांगली आहेत. सोनं-चांदी गाळून शुद्ध करून द्यायचं, हे काम. दुष्काळी भाग, शेती बेभरवशाची, म्हणून आजोबा-पणजोबांच्या पिढ्या बाहेर पडल्या. तामिळनाडूतल्या कितीतरी गावांत सराफ पेठेच्या आसपास एखादं तरी मराठी गलाईचं दुकान सापडतं. माझ्या नवऱ्याचं तंजावरला आहे. लग्न होऊन मी इथे आले तेव्हा मला तमिळचा एक शब्द येत नव्हता.

तंजावरला मराठी नवीन नाही. व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत इथे भोसल्यांचं राज्य होतं. बृहदीश्वराच्या मंदिरात भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा १८०३ सालचा मराठी शिलालेख आहे. त्या काळापासून राहिलेली मराठी कुटुंबं अजूनही राजवाड्याच्या आजूबाजूला आहेत. त्यांची मराठी तमिळच्या चालीवर चालते. आमच्या शेजारच्या आजी तशाच एका घरातल्या. पहिल्यांदा त्या माझ्याशी बोलल्या तेव्हा अर्धं समजलं नाही, पण परक्या गावात कुणीतरी मराठीत हाक मारली याचंच इतकं बरं वाटलं! या आजी पुढे आमच्या फार उपयोगी पडल्या, ते सांगतेच.

"दुसरी शाळा बघा"

आमचा मुलगा चार वर्षांचा असताना त्रिचीच्या डॉक्टरांनी ऑटिझम असल्याचं सांगितलं. मराठीत याला स्वमग्नता म्हणतात. मला हा शब्द फारसा पटत नाही. तो स्वतःत मग्न वगैरे नसतो. उलट त्याला सगळं जास्त जाणवतं. पंख्याचा आवाज, शेजारच्याच्या डब्यातल्या सांबाराचा वास, शर्टाच्या मागे टोचणारं लेबल. तुमचा-माझा मेंदू यातलं बरंच काही आपोआप बाजूला सारतो. त्याच्या मेंदूला ते सारणं जड जातं. असं मूल पाहिलं म्हणजे सगळी मुलं तशीच, असंही नाही. कुणी अखंड बोलतं, कुणी अजिबात बोलत नाही. कुणाला आवाज नकोसा होतो, तर कुणी स्वतःच आवाज करत राहतं.

पहिल्या शाळेत तो सात महिने होता. शाळेचं नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. रोज डायरीत एक ओळ यायची. आज ओरडला. आज बाकाखाली बसला. आज वही फाडली. कधी ओरडला, कशानंतर ओरडला, त्याआधी वर्गात काय चाललं होतं, हे मात्र कधी लिहिलेलं नसायचं. शेवटी आम्हाला बोलावून सांगितलं, "बाकीच्या मुलांचं नुकसान होतंय. दुसरी शाळा बघा."

त्याच भेटीत आणखी एक सल्ला मिळाला. घरी मराठी बोलणं बंद करा. तीन-तीन भाषांमुळे मुलाचा गोंधळ होतोय.

तुमच्यापैकी जे महाराष्ट्राबाहेर किंवा परदेशात आहेत त्यांना हा सल्ला ओळखीचा असेल. मूल उशिरा बोलायला लागलं की पहिली कुऱ्हाड घरच्या भाषेवर पडते. आम्ही डॉक्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, ऑटिझम असलेल्या मुलांवर जे अभ्यास झालेत त्यांत दोन भाषा कानावर पडल्यामुळे मुलाचं बोलणं आणखी मागे पडतं असं दिसलेलं नाही. आई ज्या भाषेत सहज बोलते, रागावते, गाणं म्हणते, ती भाषा काढून घेतली तर मुलाशी होणारं बोलणंच कमी होतं. मला हे लगेच पटलं. माझ्या तुटक्या तमिळमध्ये मी त्याला अंगाई कशी म्हणणार? आणि विट्याला फोन केल्यावर तो आज्जीशी कशात बोलणार? मराठी राहिली. शाळा बदलली.

टीचरनी केलं काय?

दुसरी शाळा साधी, अनुदानित. वर्गात २८ मुलं. टीचरनी ऑटिझमचा कुठलाही मोठा कोर्स केलेला नव्हता. पहिल्या दिवशी त्यांनी मला एकच गोष्ट विचारली, "त्याला काय आवडतं?" आधीच्या शाळेत हे कुणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं, डुलणाऱ्या बाहुल्या.

तंजावरची तलैयाट्टी बोम्मै तुम्ही पाहिली असेल. मान आणि कंबर डोलवणारी, रंगीत. तिचीच एक भावंडं म्हणजे खाली जड, गोल बूड असलेली राजा-राणीची जोडी. कितीही ढकला, डुलून पुन्हा सरळ उभी राहते. टीचरनी अशी एक बाहुली टेबलावर आणून ठेवली. भाषेचा तास संपत आला की त्या बाहुलीला टिचकी मारायच्या. बाहुली डुलायला लागली म्हणजे आता बदल होणार. बाहुली थांबली की गणित.

एवढंच. पण याआधी गणिताचा तास त्याच्या अंगावर यायचा. हातातलं चित्र अर्धवट असताना कुणीतरी वही ओढून घ्यायचं. आता त्याला थोडा वेळ मिळायला लागला. एकदा ढकललेली बाहुली काही फार वेळ डुलत नाही, म्हणून टीचर तिला दोन-तीनदा टिचकी मारत. काही दिवसांनी हे काम त्यांनी त्याच्याकडेच दिलं. वर्गातली बाकीची २७ मुलंही बाहुलीकडे बघून वह्या आवरायला लागली. एका मुलासाठी केलेली सोय सगळ्यांनाच उपयोगी पडते, हे मी तिथे पाहिलं.

त्यांनी आणखी काय केलं, ते सांगते. शिक्षक असाल तर यातलं काहीही उचला. पैसे जवळजवळ लागत नाहीत.

दिवसाचं वेळापत्रक चित्रांत काढून फळ्याच्या कडेला लावलं. पुस्तक, आकडे, ताट, चेंडू, घर. एकेक गोष्ट झाली की त्या चित्रावर फुली. "घरी कधी जायचं?" हा प्रश्न तो दिवसातून वीस वेळा विचारायचा. आता तो भिंतीकडे बघून घेतो.

सूचना एका वेळी एकच. "वही काढा, तारीख घाला आणि फळ्यावरचं उतरवून घ्या" या एका वाक्यात तीन कामं आहेत. त्याच्यापर्यंत पहिलं पोचतं, कधी फक्त शेवटचं. टीचर आधी "वही" म्हणतात. वही निघाली की पुढचं.

बसायची जागा ठरवली. दाराजवळ नाही, पंख्याखाली नाही. भिंतीच्या बाजूला, पुढून दुसऱ्या बाकावर, आणि रोज तीच.

एक कार्ड दिलं. त्यावर नुसता उघडा पंजा. तमिळमध्ये "पोदुम्", म्हणजे पुरे. कार्ड वर केलं की वर्गाच्या मागच्या कोपऱ्यात चटईवर पाच मिनिटं बसायचं, कुणी काही विचारायचं नाही. हा कोपरा शिक्षेचा नाही, हे टीचरनी सगळ्या वर्गाला सांगितलं. दमलेलं कुणीही तिथे जाऊ शकतं. सुरुवातीला तो दिवसातून सहा-सात वेळा जायचा. आता कधी एकदा, कधी मुळीच नाही.

दुपारच्या जेवणाला तो आणि त्याचा एक मित्र पाच मिनिटं आधी जातात. पत्र्याखाली शंभर ताटं एकदम खणखणायच्या आत त्याचा भात वाढून झालेला असतो.

उत्तर लिहूनच द्यायला हवं असं नाही. त्याचं अक्षर फार हळू निघतं, पण त्याला येत असतं. मग तोंडी विचारायचं, किंवा चार चित्रांतून योग्य ते दाखवायला सांगायचं. परीक्षा गणिताची आहे की अक्षराची, असं टीचर विचारतात.

आणि डायरी! डायरी इथेही येते, पण वेगळी. "११ वाजता बाहेर ड्रिलचे ढोल सुरू झाले. मग ओरडला. खिडकी लावली. दहा मिनिटांत शांत." एवढ्या चार वाक्यांतून मला कळतं की घरी काय करायचं आणि त्यांना कळतं की उद्या ढोलाच्या आधी खिडकी लावायची.

इथे एक फरक सांगायला हवा. हट्ट करणारं मूल मधूनमधून बघतं, कुणाचं लक्ष आहे का. हवं ते मिळालं की थांबतं. आमचा मुलगा कोलमडतो तेव्हा तो कुणाकडे बघत नाही. त्याला काही मिळवायचं नसतं, त्याच्याच्याने सहन होत नसतं. अशा वेळी रागावणं किंवा समजावणं, दोन्ही म्हणजे आणखी आवाज. टीचर जवळ बसतात, बोलत नाहीत, आणि बाकीच्यांना काम देतात.

शेजारच्या आजींचं काम सांगायचं राहिलं. टीचरना मराठी येत नाही आणि घाबरला की आमच्या मुलाच्या तोंडून फक्त मराठी निघते. आजींना दोन्ही भाषा येतात. त्यांनी टीचरना वीस शब्द लिहून दिले, मराठी शब्द तमिळ लिपीत. पाणी, शू, बस, दुखतंय, नको, झालं, थांब, घरी जायचं. टीचरनी ते वहीच्या पुठ्ठ्याला चिकटवले. एक दिवस तो कान झाकून "नको, नको" म्हणत असताना टीचर तमिळ हेल काढून म्हणाल्या, "झालं, झालं." तो थांबला आणि त्यांच्याकडे बघितलं. घरी येऊन मला म्हणाला, "टीचर मराठी."

छत्रातली शाळा

तंजावरात राहून सरफोजीराजांची आठवण येणार नाही असं होत नाही. सरस्वती महालाला त्यांनी ग्रंथांनी भरून टाकलं, १८०५ मध्ये इथे देवनागरी छापखाना काढला, आणि लगेच पुढच्या काळात इसापच्या गोष्टी 'बालबोध मुक्तावली' नावाने मराठीत छापल्या. मुलांसाठी मराठी पुस्तक तंजावरात छापलं जात होतं, तेव्हा पुण्यात पेशवाई चालू होती.

पण मला त्यांचं एक वेगळंच लिखाण जवळचं वाटतं. रामेश्वरच्या वाटेवर तंजावरच्या राजांनी यात्रेकरूंसाठी छत्रं बांधली होती. राहायची-जेवायची सोय, वैद्य आणि शाळाही. १८०१ मध्ये कंपनीच्या रेसिडेंटला लिहिलेल्या पत्रात सरफोजींनी या छत्रांचं वर्णन केलंय. तिथे आलेल्या वाटसरूंची अनाथ मुलं पंतोजींच्या हवाली केली जात. त्यांना दिवसातून तीनदा जेवण, चार दिवसांनी एकदा तेल लावून न्हाऊ घालणं, आजारी पडली तर औषध, अंगावर कपडे. आणि शिकवायचं काय? तर ज्या विद्येची त्या मुलाला आवड असेल, ती.

सरफोजींचं स्वतःचं बालपण सोपं नव्हतं. दत्तक वडील १७८७ मध्ये वारले. त्यानंतर गादीवर बसलेल्या अमरसिंहांच्या काळात या मुलाला कोंडून ठेवलं गेलं, शिकवणं थांबलं. श्वार्ट्झ नावाच्या जर्मन मिशनरी गुरूने कंपनीकडे त्याच्यासाठी शब्द टाकला, आणि १७९३ मध्ये मुलगा मद्रासला जाऊन शिकू लागला. शिवगंगा बागेतल्या चर्चमध्ये एक संगमरवरी शिल्प आहे. अंथरुणाला खिळलेल्या गुरूचा हात राजाने धरलाय. मुलाला तिथे घेऊन गेले की मी त्या हातांकडे बघत बसते. शिकायला जागा मिळवून देणाऱ्या माणसाला मूल आयुष्यभर विसरत नाही.

हे काही ऑटिझमचं उदाहरण नव्हे. पण पोट भरलेलं, अंग निवांत, आणि शिकणं आवडीतून सुरू झालेलं, हा क्रम तोच आहे. आमच्या टीचरनी तो पत्र न वाचता पाळला.

मेहेरबानी नाही, हक्क

तुम्ही पालक असाल तर काही गोष्टी माहीत असू द्या. शाळेत बसताना पाठ ताठ राहते.

२०१६ चा दिव्यांगजन हक्क कायदा २१ प्रकारचं अपंगत्व मानतो. त्यात ऑटिझम आहे, डिस्लेक्सियासारख्या अध्ययन अक्षमताही आहेत. सरकारी, अनुदानित आणि मान्यता असलेल्या शाळांनी अशा मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यावा आणि प्रत्येकाच्या गरजेप्रमाणे सोय करावी, असं हा कायदा सांगतो. ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर ६ ते १८ वयापर्यंत जवळच्या शाळेत किंवा आपण निवडलेल्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. निवड आपली, शाळेची नव्हे. काही मुलांसाठी विशेष शाळाच योग्य असते आणि त्यात कमीपणा काही नाही. मुलाला ढकलून तिकडे पाठवू नये, इतकंच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मारणं आणि मानसिक छळ, दोन्हींवर बंदी घातली आहे. "सगळ्यांसमोर उभं करून चिडवलं" हेही त्यात येतं.

शिक्षकांच्या मदतीला एनसीईआरटीने 'प्रशस्त' नावाची तपासणी यादी आणि ॲप तयार केलंय. वर्गात काय पाहावं, हे त्यातून कळतं. लक्षात ठेवा, ती निदान करत नाही. निदान डॉक्टरांनीच करायचं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघरमधून सुरू झाला. विकासातला उशीर ओळखणं हा त्याचा एक भाग आहे, आणि त्यासाठी जिल्हा पातळीवर केंद्रं आहेत. समग्र शिक्षा योजनेतून विशेष शिक्षक शाळांत येतात. आमच्याकडेही येतात. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये प्राथमिकच्या अशा दर १० मुलांमागे आणि उच्च प्राथमिकच्या दर १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा, असं सांगितलं. प्रत्यक्षात एका विशेष शिक्षिकेकडे अनेक शाळा असतात. त्या आल्या की टीचर त्यांना प्रश्नांची यादीच देतात.

म्हणून शिक्षकांवर सगळं ढकलून चालणार नाही, हेही म्हणते. 'तारे जमीन पर' आपण सगळ्यांनी पाहिलाय. २००७ चा तो सिनेमा आला आणि घराघरांत डिस्लेक्सिया हा शब्द पोचला. पण प्रत्येक शाळेला निकुंभ सर मिळणार नाहीत. ते मिळेपर्यंत मुलाने वाट बघायची का? आमच्या टीचर काही चमत्कार करत नाहीत. त्या दमतात. एकदा मला म्हणाल्या, "आज माझ्याच्याने झालं नाही." शाळेने त्यांना आठवड्यातला एक तास मोकळा द्यावा म्हणून आम्ही चार पालकांनी मिळून अर्ज दिला. तो तास मिळाला. मुलाला मदत हवी असेल तर त्याच्या शिक्षकाला मदत हवी.

जून येतोय

आता माझी काळजी सांगते. तो तिसरीत आहे. जूनमध्ये चौथी. टीचर बदलणार, वर्ग वरच्या मजल्यावर, बाहेरच्या रस्त्याला लागून. तीन वर्षांत जमवून आणलेलं सगळं एका माणसाच्या डोक्यात आणि एका वहीच्या पुठ्ठ्यावर आहे. नव्या टीचरना ते माहीत नसेल तर जुलैपर्यंत "ओरडला, वही फाडली" पुन्हा सुरू होईल. मुख्याध्यापक भले आहेत, पण "पहिले तीन महिने बघू, नाहीतर विचार करू" असं म्हणालेत. 'विचार करू' याचा अर्थ आम्हाला ठाऊक आहे.

म्हणून टीचर आणि मी मिळून एक पान लिहितोय. एकच पान, कारण जूनमध्ये कुठल्याही शिक्षकाला दहा पानं वाचायला वेळ नसतो. तुमच्या घरी किंवा वर्गात असं मूल असेल तर तुम्हीही लिहा. आमच्या पानावर पाच गोष्टी आहेत.

त्याला काय आवडतं आणि काय चांगलं येतं. सुरुवात इथूनच करा, अडचणींपासून नको.

त्याला काय सहन होत नाही. ढोल, घंटा, अचानक हात धरणं.

कोलमडण्याआधी तो काय करतो. आमचा मुलगा बोटं जोरात हलवतो आणि एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणतो. तेव्हा दोन मिनिटं हाताशी असतात.

त्या वेळी काय उपयोगी पडतं. चटई, शांतता, "झालं, झालं."

आणि काय करून पाहिलं पण जमलं नाही, म्हणजे पुढच्या माणसाला तेच पुन्हा करायला नको.

हे पान एप्रिलमध्येच द्यायचं आणि नव्या टीचरना मुलाला एकदा भेटवायचं, रिकाम्या वर्गात, बाकीची मुलं नसताना. वरच्या मजल्याचा जिना त्याला आधी चढून बघू द्यायचा. बाक दाखवायचा.

तुम्ही बाकीच्या मुलांचे पालक असाल तर तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमचं मूल घरी येऊन म्हणेल, "आमच्या वर्गातला तो आज पुन्हा ओरडला." तेव्हा "त्याच्यापासून लांब बस" असं म्हणू नका. "मग तू काय केलंस?" एवढं विचारा. आमच्या मुलाचा जेवणाच्या रांगेतला मित्र अशाच एका आईचा मुलगा आहे. जूनमध्ये तो त्याच्याच वर्गात असणार आहे, आणि बाहुली वरच्या मजल्यावर न्यायचं काम त्याने आधीच मागून घेतलंय.